शनिवारचे सूप, शुक्रवारचे श्रमदान : जमैकातील मे महिना

माझा भाचा किंग्स्टनच्या मोना भागातील वेस्ट इंडीज विद्यापीठात शिकवतो. "आत्या, कुंपणाआडच्या हॉटेलात बसून समुद्र बघायचा असेल तर माझी गरज नाही, पण इथली माणसे दिवस कसा घालवतात ते बघायचे असेल तर मे महिन्यात या आणि तेवीस तारीख धरून राहा," असे त्याने बजावले होते. त्यामुळे माँटेगो बे आणि नेग्रिल ही सहल कंपन्यांच्या पत्रकांतील ठळक नावे आम्ही खोडून टाकली आणि राजधानी किंग्स्टन, तिच्या पाठीशी उभे असलेले ब्लू माउंटन्स आणि पलीकडचा पोर्टलँड परगणा एवढाच बेटाचा पूर्व भाग निवडला. आम्ही दोघे नवरा-बायको मुंबईहून न्यूयॉर्कमार्गे गेलो. त्या मार्गाने केवळ विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, ही एक गोष्ट सोडली तर प्रवासाविषयी सांगण्याजोगे काही घडले नाही.

शनिवार : किंग्स्टनचा बाजार

शहराच्या जुन्या भागातील कॉरोनेशन मार्केट शनिवारी सकाळी बघावे. इथे माल विकणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांना 'हिगलर' म्हणतात. गुरुवारी-शुक्रवारी रात्री त्या सेंट एलिझाबेथ, सेंट थॉमस अशा परगण्यांतून मालाच्या ट्रकवर बसून येतात आणि माल संपेपर्यंत पोत्यांच्या आडोशालाच झोपतात. पिवळ्या गराच्या रताळ्याएवढ्या नव्हे, तर मांडीएवढ्या जाड याम या कंदाच्या फोडी, अळकुड्यांची मोठी भावंडे, हिरवी केळी, कांद्याच्या पातीबरोबर थाइमची काडी बांधून केलेल्या जुड्या आणि जपून हाताळावी अशी स्कॉच बॉनेट मिरची यांच्या राशींमधून चालताना माझ्यासारख्या रत्नागिरीकडच्या बाईला परके फारसे काही वाटत नाही. ज्याला हे लोक कॅलालू म्हणतात तो आपल्या माठाच्या जातकुळीतला, गुंगो म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, नेजबेरी म्हणजे चिकू. ब्रेडफ्रूट तर आमच्या अंगणातला नीरफणसच. तो इथे १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून आणला, आणि त्यामागे हौस नव्हती. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून मळेमालकांना तो हवा होता.

भाजीच्या एका ढिगापाशी एक तरुण आला आणि त्याने थेट भाव विचारला. बाईने त्याच्याकडे शांतपणे पाहिले, "गुड मॉर्निंग," म्हटले आणि ती थांबली. तरुणाने ओशाळून "गुड मॉर्निंग, मदर," म्हटल्यावरच भाव सांगितला गेला. हा शिष्टाचार दुकानात, टॅक्सीत, दवाखान्यात सगळीकडे पाळला जातो. आत शिरणाऱ्याने हजर असलेल्या सर्वांना उद्देशून नमस्कार करायचा आणि सर्वांनी उत्तर द्यायचे. प्रवाशांनी एवढे एक लक्षात ठेवले तर जमैकात पुष्कळ दारे आपोआप उघडतात.

या भागात माहितगार माणसाबरोबर आणि सकाळच्या वेळीच जावे, सुट्ट्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात आणि विचारल्याशिवाय कोणाचेही छायाचित्र काढू नये.

शनिवारी घराघरांत सूप असते. रस्त्याच्या कडेला मोठाली पातेली चढवून तेच विकणारेही असतात. भोपळा, याम, चोचो नावाची फळभाजी आणि तळहातांत वळून लांबट केलेल्या कणकेच्या गोळ्या घालून ते इतके दाट करतात की त्यानंतर जेवायचे काही उरत नाही. माझे यजमान शाकाहारी आहेत, त्यामुळे पातेल्यात कोंबडी, बीफ की खारवलेली डुकराची शेपटी, याची चौकशी करण्यातच त्यांचा शनिवार गेला. शाकाहारी वाचकांसाठी सांगते: राजमा घातलेल्या भातातही अशी शेपटी असू शकते आणि कॅलालूच्या भाजीत खारा मासा असू शकतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारावे. रास्ताफारी पंथीयांचे 'आयटल' जेवण देणारी छोटी उपाहारगृहे मात्र निर्धास्त असतात. तिथे मांस नसते, मीठही बहुधा घालत नाहीत, आणि नारळाच्या दुधातले कडधान्याचे कालवण उत्तम मिळते.

रविवार : प्रार्थना, आकी आणि राजमा-भात

रविवारी न्याहारीला आकी आणि खारा कॉड मासा हा राष्ट्रीय पदार्थ होता. आकीचे फळ पश्चिम आफ्रिकेतून आले, कॉड उत्तर अटलांटिकमधून गुलामांचे स्वस्त खाद्य म्हणून आला आणि या बेटावर दोघांची गाठ पडली. आकीचे फळ झाडावर आपण होऊन उकलेपर्यंत तोडत नाहीत, कारण कच्चे फळ विषारी असते. भाच्याच्या घरमालकीणबाईंनी पिवळे गर काढून दाखवले, आतला तांबूस पडदा सुरीच्या टोकाने वेगळा केला आणि उकळलेले पाणी ओतून देताना "हे पाणी कुत्र्यालासुद्धा नाही," असे बजावले.

नंतर त्या आम्हाला आपल्या बॅप्टिस्ट प्रार्थनामंदिरात घेऊन गेल्या. बायकांच्या टोप्या, मुलींच्या कडक इस्त्रीच्या झालरी आणि पुरुषांचे त्या उकाड्यातही पूर्ण सूट पाहून आम्ही आमच्या सुती कपड्यांत जरा अवघडलोच. प्रार्थना दोन तासांहून अधिक चालली आणि त्यातला मोठा वाटा गाण्याचा होता. पाहुण्यांनी उभे राहून आपण कुठून आलो ते सांगायचे असते. यजमानांनी "इंडिया" म्हणताच मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "गावसकर!" असा पुकारा केला आणि धर्मगुरूंसकट सगळे हसले.

दुपारच्या राजमा-भाताची कृती मी स्वयंपाकघरात उभी राहून पाहिली. भिजवलेला राजमा शिजत आल्यावर त्यात नारळाचे दूध, लसूण, कांद्याची पात आणि थाइम पडते, मग तांदूळ, आणि वर एक अख्खी हिरवी स्कॉच बॉनेट मिरची अलगद ठेवली जाते. तिचा नुसता वास भातात उतरायला हवा, ती फुटली तर सगळे पातेले वाया. वाफ काढून झाल्यावर बाईंनी ती मिरची चमच्याने अशी उचलली की तिला धक्काही लागला नाही, आणि मगच त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सोबत गाजराचा रस होता, कंडेन्स्ड मिल्क आणि जायफळ घातलेला. तो रविवारीच करायचा असतो.

टेबलावर बोकडाच्या मटणाची करीही होती. तिचा मसाला हळदीने पिवळाधमक होता आणि तिच्यामागे १० मे १८४५ या दिवसाचा इतिहास आहे. त्या दिवशी 'ब्लंडेल हंटर' हे जहाज ओल्ड हार्बर बे येथे करारबद्ध हिंदी मजुरांची पहिली तुकडी घेऊन आले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० माणसे आली, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. त्यांची स्वतंत्र वस्ती आज फारशी जाणवत नाही. पण लग्न असो, मर्तिक असो वा निवडणुकीची सभा, बोकडाची करी नसेल तर पाहुणे नाराज होतात. बाईंची पणजीही त्यांपैकीच होती. तिचे नाव घरात कोणाला आठवत नव्हते, तिच्या हातची पोळी मात्र आठवणीने सांगितली जात होती.

संध्याकाळी डेव्हन हाउसमध्ये गेलो. जॉर्ज स्टीबेल या कृष्णवर्णीय जमैकन लक्षाधीशाने १८८१ मध्ये बांधलेला हा वाडा आहे. रविवारी संध्याकाळी सहकुटुंब नटूनथटून इथे यायचे, आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहायचे आणि हिरवळीवर बसून ओळखीच्यांना हाका मारायच्या, हा किंग्स्टनकरांचा ठरलेला कार्यक्रम आहे. वाड्याच्या आत काय आहे हे त्यांतल्या अनेकांनी पाहिले नसावे.

सोमवार : रूट टॅक्सी आणि सबाइना पार्क

सातारा-कोल्हापूरकडच्या वडापची ज्यांना सवय आहे त्यांना इथल्या रूट टॅक्सीची वेगळी ओळख करून द्यायला नको. ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या या मोटारीत मागे चौघे बसतात, पाचवा येतो म्हणून सगळे सरकतात आणि म्हातारीची पिशवी कोणाच्या तरी मांडीवर जाते. तांबड्या नंबरप्लेटचीच गाडी घ्यावी, भाडे आधी सहप्रवाशाला विचारून ठेवावे आणि मोठी नोट काढू नये. हाफ वे ट्रीच्या घड्याळ-मनोऱ्यापाशी सगळे मार्ग एकत्र येतात. तिथे सकाळी सातला उभे राहिलो, तर खाकी गणवेशातील मुले आणि चुणीदार पिनाफोर घातलेल्या मुली यांचा लोंढा संपता संपत नव्हता. कपड्यांची ती टापटीप बघून गर्दीचा त्रास वाटला नाही.

दुपारी यजमानांच्या तीर्थक्षेत्री, म्हणजे सबाइना पार्क या क्रिकेट मैदानावर, गेलो. सामना नव्हता. रखवालदाराने नमस्कार-चमत्कार झाल्यावर आम्हाला आत डोकावू दिले. उत्तरेला निळसर डोंगर आणि समोर रिकामे मैदान. १९७१ च्या फेब्रुवारीत इथेच अजित वाडेकरांचा संघ ५ बाद ७५ असा अडचणीत असताना मडगावला जन्मलेले दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी डाव सावरला. सरदेसाईंनी २१२ धावा केल्या, वेस्ट इंडीज २१७ मध्ये आटोपले आणि पहिला दिवस पावसात गेल्यामुळे दीडशेची आघाडीही पुरेशी ठरून सोबर्सच्या संघाला फॉलोऑन घ्यावा लागला. हे सारे यजमान रखवालदाराला इंग्रजीत साभिनय सांगत होते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, "आणि १९७६?" त्या वर्षी याच खेळपट्टीवर होल्डिंग आणि त्याच्या साथीदारांच्या माऱ्यात अंशुमन गायकवाडांच्या कानाला चेंडू लागला आणि भारताचे फलंदाज एकामागून एक जायबंदी झाले होते. यजमानांकडे उत्तर नव्हते. दोघांनी मिळून पॅटी खाल्ली, एकाने बीफची, दुसऱ्याने भाजीची.

मंगळवार-बुधवार : डोंगरातली गावे

पपीन चौकातून डोंगराचा रस्ता सुरू होतो आणि थोड्याच अंतरावर त्याला दोन फाटे फुटतात. उजवीकडे गॉर्डन टाउन लागते. तिथल्या चौकात लुईस बेनेट-कव्हर्ली, म्हणजेच सगळ्या देशाच्या 'मिस लू', यांचा पुतळा २०१८ मध्ये उभारला आहे. शाळेत पात्वा या इथल्या बोलीत तोंड उघडले तर मुलांना दटावले जायचे, त्या काळात या बाईंनी बाजारहाट करणाऱ्या बायकांच्या तोंडची बोली कवितेत, रंगभूमीवर आणि नभोवाणीवर आणली. पुतळ्याखाली दोन शाळकरी मुले बुला नावाचा गुळमट केक खात बसली होती. आम्ही विचारताच त्यांनी तिची कविता आळीपाळीने म्हणून दाखवली. अर्धी समजली नाही, तरी कुठे हसायचे ते मुलांच्या चेहऱ्यावरून नीट कळत होते.

डावीकडचा फाटा आयरिश टाउनवरून न्यूकॅसलला चढतो. सपाटीवरच्या छावण्यांत पीतज्वराने गोरे सैनिक पटापट मरत, म्हणून १८४१ मध्ये ही छावणी थंड हवेत वर हलवली गेली. आजही सार्वजनिक रस्ता थेट तिच्या कवायतीच्या मैदानातून जातो. मे महिना हा पावसाच्या दोन हंगामांपैकी पहिला. दुपारी दोनच्या सुमारास धुके खालून वर येते आणि दरीतली घरे एकेक करून पुसली जातात. स्वेटर, छत्री आणि चिखलात चालतील अशी पादत्राणे न्यावीत. ज्यांना २,२५६ मीटर उंचीच्या शिखरावरून सूर्योदय पाहायचा असतो ते मध्यरात्रीनंतर चढायला लागतात. आमच्या गुडघ्यांनी ते नाकारले आणि आम्ही एका छोट्या शेतकऱ्याच्या अंगणात कॉफी प्यायलो. लोखंडी कढईत, चुलीवर, बिया सतत हलवत त्याने त्या भाजल्या. या डोंगरातली चांगली कॉफी लाकडी पिंपांत भरून परदेशी जाते आणि तिचा मोठा गिऱ्हाईक जपान आहे. शेतकऱ्याच्या घरी मात्र ती कंडेन्स्ड मिल्क घालून पितात. जाणकारांना हे पाप वाटेल. मला ती तशीच आवडली.

बुधवारी रात्री आम्ही राहत होतो त्या घराच्या वरच्या वाडीतून गाण्याचा आवाज येऊ लागला. गावात एक वृद्ध गेले होते आणि अंत्यविधीपर्यंतच्या रात्री लोक त्यांच्या घरी जमत होते. या प्रथेला 'नाइन नाइट' म्हणतात. शेवटची रात्र सर्वांत मोठी असते. आम्ही अनोळखी, शिवाय परदेशी, म्हणून जावे की नाही अशा विचारात असताना घरमालकानेच सांगितले की मर्तिकाच्या घरी आमंत्रण नसते, फक्त जायचे असते. अंगणात ताडपत्रीखाली दिवा होता. एक गृहस्थ स्तोत्राची ओळ भराभर उच्चारत आणि मग सगळे ती सावकाश, लांबवत गात. पुस्तके नव्हती आणि वाचता येणारे थोडे होते, त्या दिवसांतली ही रीत आहे. तळलेला मासा, पाव आणि कॉफी फिरत होती, पांढरी रमही.

पलीकडे चौघे डॉमिनो खेळत होते. अठ्ठावीस सोंगट्या, प्रत्येकी सात, समोरासमोर बसलेले भिडू. सोंगटी नुसती ठेवायची नाही, टेबल हादरेल अशी आपटायची. तिच्या आवाजावरून हातात काय उरले आहे ते समोरच्याला कळते, किंवा तसे त्याला भासवले जाते. लागोपाठ सहा डाव हरलेल्या जोडीला 'सिक्स-लव्ह' म्हणून गावभर चिडवतात. दिवंगत आजोबांनी एका शेजाऱ्याला असे अनेकदा हरवले होते, आणि तो शेजारी आज त्यांच्याच अंगणात ती जुनी हार रंगवून सांगत होता. मृताची मुलगी ते ऐकून डोळे पुसत खळखळून हसत होती.

गुरुवार : पोर्ट अँटोनियो, बॉस्टन बे

डोंगर ओलांडून बफ बेकडे उतरणारा रस्ता दरडींमुळे अधूनमधून बंद असतो, म्हणून निघण्यापूर्वी गावात विचारून घ्यावे. आम्हाला तो खुला मिळाला. पोर्टलँड हा बेटावरचा सर्वांत ओला भाग आहे आणि त्याची हिरवाई डोळ्यांवर येते. पोर्ट अँटोनियो एके काळी केळीच्या निर्यातीवर श्रीमंत झाले होते. आता ते निवांत, किंचित गंजलेले बंदर आहे आणि मला ते तसेच आवडले.

बॉस्टन बेला जर्क खायचे. पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइसच्या, ओल्या लाकडांवर मसाला चोळलेले डुकराचे मांस किंवा कोंबडी ठेवून वरून पत्र्याने झाकतात आणि धुरावर तासन्‌तास शिजू देतात. ही पद्धत डोंगरात पळून जाऊन इंग्रजांशी लढलेल्या गुलामांकडून, म्हणजे 'मरून' म्हणवणाऱ्या लोकांकडून, आली असे मानतात. त्यांची सेनानी नॅनी ५०० जमैकन डॉलरच्या नोटेवर आहे, आणि योगायोगाने माझ्या ताटाचे पैसे मी त्याच नोटांनी दिले. मांस वजनावर घेतात आणि लाकडी ठोकळ्यावर कोयत्याने तुकडे करून कागदात देतात. यजमानांना भाजलेला नीरफणस आणि 'फेस्टिव्हल' नावाची मक्याच्या पिठाची गोडसर तळणी मिळाली. परतताना टोपलीभर 'बॉम्बे' आंबे विकायला असलेले दिसले. हा आंबा मधोमध गोल चिरून दोन्ही हातांनी पिळायचा. कोय सुटी होते आणि अर्धी वाटी चमच्याने खायची. मी रत्नागिरीची असल्याने यावर मत देणे टाळते.

शुक्रवार, २३ मे : कामगार दिन

१९३८ मध्ये साखरमळ्यांत आणि किंग्स्टनच्या गोदीत झालेल्या संपांची ही आठवण. राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशीचा एम्पायर डे रद्द करून १९६१ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. सुरुवातीला कामगार संघटनांचे मोर्चे निघत आणि त्यांत मारामाऱ्या होत. १९७२ मध्ये पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांनी त्याचे रूप बदलले आणि सर्वांनी सुट्टीच्या दिवशी आपल्या गावासाठी हाताने काम करावे असे ठरवले. भाच्याने तेवीस तारीख का धरायला लावली ते आता उलगडले.

बंदराच्या पूर्वेकडील एका गावच्या प्राथमिक शाळेत आम्ही सकाळी आठला पोहोचलो, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई वहीत नावे लिहून कामे वाटत होत्या. कोणी गवत कापत होते, कोणी फाटकाला रंग देत होते, एका मोटारीचे दार उघडे ठेवून त्यातून मोठ्याने गाणी लावली होती. यजमानांना शाळेसमोरच्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी पांढरे पट्टे मारण्याचे काम मिळाले आणि त्यांच्यावर देखरेख करायला दहा वर्षांची एक मुलगी. ती सुतळीला खडू चोळून रस्त्यावर ताणून धरायची, टिचकी मारून रेघ उमटवायची आणि रंग रेघेबाहेर गेला की "मिस्टर, लाइन!" म्हणून ओरडायची.

मी नारळाकडे वळले. दुपारसाठी मोठ्या पातेल्यात 'रन डाउन' शिजणार होते. खोबरे खवणीवर नव्हे, तर खिळ्याने भोके पाडलेल्या पत्र्याच्या किसणीवर किसायचे होते आणि माझी बोटे सोलवटून निघण्याआधी एका बाईने किसणी काढून घेऊन मला पिळण्याच्या कामावर नेमले. पहिले दाट दूध आणि दुसरे पातळ दूध एकत्रच चुलीवर गेले. ते आटत आटत तेल सुटेपर्यंत उकळले, तळाशी फुटलेल्या मलईसारखा थर जमू लागला आणि मग त्यात मॅकरल, कांदा, टोमॅटो, थाइम पडले. आमच्याकडे नारळाचे दूध फुटू नये म्हणून जीव टाकतात, इथे ते फुटल्याशिवाय पदार्थ होत नाही. उकडलेल्या हिरव्या केळ्यांबरोबर मी ते दोनदा घेतले.

दीडच्या सुमारास सर आली. पट्टे ओले होते. क्षणात चार माणसांनी ताडपत्री आणली आणि चार कोपरे धरून ती रस्त्यावर छतासारखी ताणली. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या, एका रूट टॅक्सीतले प्रवासी उतरून कोपरे धरायला आले आणि पाऊस ओसरेपर्यंत, चांगली वीस मिनिटे, कोणीही हॉर्न वाजवला नाही. देखरेख करणारी मुलगी छताखाली बसून रंगाला फुंकर घालत होती.

शनिवार : परतताना

किनाऱ्याच्या रस्त्याने किंग्स्टनला परतलो. कॉफी घ्यायची असेल तर पाकिटावर प्रमाणित ब्लू माउंटन असल्याचा शिक्का बघावा, कारण मिश्रणेही त्याच नावाने विकली जातात. वीज ११० व्होल्टची आणि पिना अमेरिकी पद्धतीच्या असतात. आम्ही परतल्यानंतर २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा चक्रीवादळाने बेटाच्या पश्चिम भागाचे, विशेषतः सेंट एलिझाबेथमधील ब्लॅक रिव्हर गावाचे, अतोनात नुकसान केले. बाजारातल्या कित्येक हिगलरांचे मळे त्याच परगण्यात आहेत. तिकडे जाणाऱ्यांनी कोणत्या सोयी पुन्हा सुरू झाल्या आहेत याची आधी चौकशी करावी आणि राहण्याजेवणाचे पैसे शक्यतो गावातल्याच माणसांच्या हाती जातील असे बघावे.

विमान रात्रीचे होते. विमानतळाच्या पुढे, त्याच चिंचोळ्या भूपट्टीच्या टोकाला, पोर्ट रॉयल आहे. ७ जून १६९२ च्या भूकंपात त्या काळच्या या श्रीमंत शहराचा मोठा भाग समुद्रात गेला आणि त्यानंतर किंग्स्टन वसले. आता तिथे कोळ्यांची वस्ती आणि तळलेला मासा विकणारी ठिकाणे आहेत. अख्खा स्नॅपर तळून त्यावर शिरक्यात मुरवलेला कांदा, गाजर आणि मिरची ओततात, सोबत नारळाच्या दुधात भिजवून तळलेली कसाव्याची भाकरी, म्हणजे बॅमी. यजमानांनी बॅमीच दोनदा मागवली. मासा ताजा तळतात, त्यामुळे ताट यायला तास लागतो. विमानाच्या वेळेत तेवढी सवड धरून निघावे आणि सामान गाडीतच ठेवून चालकालाही जेवायला बोलवावे.